सोवळ्यातला फिल्टर

४ एप्रिल २०११, पाडवा

कडुनिंबाची गोळी तोंडात असतानाच वासुदेवांनी सांगितलं, "गाडी विकतोय. इलाहाबादचे गर्दे मे महिन्यात येऊन घेऊन जातील."

यांच्या आई म्हणाल्या, "बरं झालं. उगीच पडून आहे." मी गोळीवर पाणी प्यायले.

गाडी म्हणजे जास्वंदी. लाल, बुटकी, दिसायला चारचौघींसारखी. पण तिच्या इंजिनावर वासुदेवांनी बँकेच्या सगळ्या रजा घालवल्या आहेत. बनारसातल्या आमच्या ब्रह्मा घाटच्या गल्लीत ती कधी आलीच नाही. इथे दोन गायी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागतं. ती नदेसरला विश्वेश्वरच्या गॅरेजात राहते. दोन वर्षांपूर्वी यांच्या डाव्या कानाने दगा दिला. उभ्या उभ्या जमीन फिरते, भिंत धरावी लागते. त्या कानाने ऐकूही कमी येतं. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. तेव्हापासून हे घाटाच्या पायऱ्याही उतरत नाहीत. बँकेत जातात, येतात, खिडकीशी बसतात. जास्वंदी तिकडे उभी आणि हे इकडे बसलेले.

संध्याकाळी गुढी उतरवताना मी म्हटलं, "विकू नका. मी चालवीन."

"कुठे? भाजी आणायला?"

"चिरईपहाडला."

चिरईपहाड मिर्झापूरच्या दक्षिणेला आहे. तिथल्या डोंगरी रस्त्यावर मोटर क्लबची दर वर्षी चढाईची शर्यत असते. एकेक गाडी सोडतात आणि वर पोचायला किती वेळ लागला ते मोजतात. हे तिथे तीनदा धावले आहेत.

हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, पण मला आवडलं नाही ते हसणं. "बकुळ, तू कॉलेजात फिजिक्स शिकवतेस. तो घाट आहे."

"मी वाईची आहे. बाबांनी मला गाडी शिकवली ती पसरणीच्या घाटात. तुम्ही सपाटीवर शिकलात."

"ठीक. माझ्या वेळेच्या आत चढून दाखव. जमलं तर गाडी तुझी. नाही तर गर्द्यांची."

"कबूल."

आई खालून ओरडल्या, "घाटावर गाडी? पायऱ्यांवरून कशी नेणार गं?" या घरात घाट म्हणजे गंगेवर उतरायच्या पायऱ्या. लग्न होऊन आले तेव्हा मला उलटंच वाटायचं. आमच्याकडे घाट चढायचा असतो.

८ एप्रिल

कॉलेज सुटल्यावर नदेसर. जास्वंदी धुळीने करडी झाली होती. सीटवर बसले, आरसा माझ्या उंचीला वळवला. हे सायकल-रिक्षाने मागून आले, स्टुलावर बसले. "मी फक्त बघायला आलोय," म्हणाले.

बॅटरी, तेल, पट्टे, टायर सगळं विश्वेश्वरने पाहून ठेवलं होतं. चालू झाली. पण वरच्या गिअरला दाबली की दम लागतो तिला. जिना चढणाऱ्या लठ्ठ माणसासारखी धापते.

"हवा नहीं मिल रही, भौजी," विश्वेश्वर म्हणाला. "एअर फिल्टर बदलिए. कोन लगाइए, कोन! डब्बा निकाल के फेंकिए. ऐसी गुर्राएगी कि कैंट स्टेशन पर लोग पूछेंगे, कौन सी ट्रेन आई?"

कोन म्हणजे उघडा, शंकूसारखा फिल्टर. मूळचा फिल्टर प्लास्टिकच्या डब्यात बंद असतो, कोन तसाच इंजिनाशेजारी उघडा बसतो. शर्यतीतली सगळी पोरं हाच लावतात म्हणे.

मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मला काय विचारतेस? चालक तू."

टोमणा होता. मी तो मान्यता म्हणून घेतला.

११ एप्रिल

कोन बसला. खरंच गुरगुरते! पायाखाली वाघ धरल्यासारखं वाटतं. हे शेजारच्या सीटवर बसायला तयार झाले, मला केवढा आनंद झाला. लहरताऱ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर जरा दाबली. यांनी दाराची कडी घट्ट धरली होती, चेहरा पांढरा पडला होता. मी विचारलं, "फार जोरात का?" म्हणाले, "नाही. मस्त."

माझं गिअर बदलणं कच्चं आहे, म्हणून घाबरले असणार. उद्यापासून क्लचवर मेहनत घ्यायची.

१३ एप्रिल

एक गंमत. हे गॅरेजला निघताना आईंकडून वातींचा कापूस मागून घेतात आणि दोन्ही कानांत अत्तराचा फाया ठेवतात. अगदी चौकातल्या रईस लोकांसारखा. जन्मभर बनारसी राहून कधी अत्तर लावलं नाही, आता शौक सुचला. वास मात्र येत नाही. हलकं असेल काहीतरी, मोतियाबितिया. मी मुद्दाम विचारलं नाही. माणूस दोन वर्षांनी स्वतःसाठी काही करतो आहे, त्याला का छेडा?

आई म्हणाल्या, "कापूस संपवतोय नुसता. माझ्या लक्ष वातींचं काय?"

१६ एप्रिल

रविवारची वाट न पाहता आज पहाटे चुनारच्या पुढे गेले. तिथे टेकडीवर एक चांगला लांब चढ आहे. विश्वेश्वर सोबत होता, हे आले नाहीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला लांब तारेचा थर्मामीटर मागून आणला होता. त्याचं टोक कोनाच्या तोंडाशी बांधलं.

पहिल्यांदा थंड इंजिनावर चढवली. झकास. विश्वेश्वर टाळ्या वाजवत होता. लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. दर वेळी आवाज तेवढाच आणि जोर कमी. थर्मामीटर पाहिला आणि माझंच मला हसू आलं. बाहेर सकाळची हवा, आणि कोन मात्र इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतोय. तापलेली हवा विरळ. म्हणजे गाडी तोंड भरून घास घेते आणि घासात काहीच नसतं. हे मी अकरावीला दर वर्षी शिकवते.

"भौजी, पर आवाज़..."

"आवाज़ से चढ़ाई नहीं होती, भैया."

मग तिथेच कोन काढून जुना डबा आणि नवा कागदी फिल्टर बसवला. डब्याला पुढच्या दिव्याच्या मागून एक नळी येते, तिच्यातून बाहेरची थंड हवा यायला हवी. थर्मामीटर म्हणाला, हवा थंड आहे. पण गाडी म्हणाली, दम लागतो. पुन्हा तीच धाप. हे का, ते कळलं नाही. हवा थंड असून कमी पडते आहे. कागदच घट्ट असेल का?

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मध्येच म्हणाले, "म्हणजे कोन काढलास?"

"हो."

"बरं केलंस," म्हणाले आणि उठून स्वतःच्या हाताने पाणी पिऊन आले.

१९ एप्रिल

यांनी दिवाणाखालून एक खोका काढून दिला. आजारी पडायच्या आधी मागवलेला, न वापरलेला फिल्टर. डब्यातच बसतो, पण कागदाऐवजी जाळीत बसवलेला कापूस, तेलात भिजवलेला. लालसर, चिकट. तेलामुळे धूळ धरली जाते, आणि कापूस विरळ असल्याने हवा जास्त जाते. यांनी हे सगळं समजावून सांगितलं. सांगताना हात हलत होते यांचे! मी अर्धंच ऐकलं, हातांकडेच बघत राहिले.

कापसाचा फिल्टर ठरला. शनिवारी लावायचा. तोवर टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला आहे.

२२ एप्रिल

आज चैत्रगौरीचं हळदीकुंकू. डाळ, पन्हं, रामघाटापर्यंतच्या सगळ्या मराठी बायका. मी कॉलेजातून धावत आले तर टेबल लख्ख, आणि वर्तमानपत्र नाही, फिल्टर नाही.

"आई, इथे एक लाल वस्तू होती."

"ती मैली चाळणी? इतकी चिकट गं! चार बायका येणार घरात. रिठ्याच्या पाण्यात घालून धुतली मी. काय तेल निघालं, बाप रे! आता बघ कशी साफ झाली."

"कुठे आहे?"

आईंनी वर बोट दाखवलं. आतल्या अंगणात उंच सोवळ्याच्या काठीवर, आईंच्या नैवेद्याच्या लुगड्याशेजारी, वासुदेवांचा कापसाचा फिल्टर वाळत होता. पांढराशुभ्र.

मी हात वर केला तशा आई किंचाळल्या, "शिवू नकोस! सोवळ्यात आहे. मी सोवळ्यात धुतली, सोवळ्यात वाळत घातली. तू कॉलेजातून आलीस, रिक्षातून."

"आई, तो गाडीचा आहे."

"असू दे. उद्या स्नान करून मी काढून देईन."

गीता आपटे पन्ह्याचा पेला धरून हे सगळं बघत होती. म्हणाली, "बकुळताई, तुमच्या गाडीला पण आता कांदालसूण चालणार नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मनात दिवस मोजत होते. शर्यतीला आठवडा राहिला.

रात्री जेवताना मी आईंना सांगितलं, आवाज न चढवता सांगितलं, की त्या कापसाला तेल लागतं. कोरडा कापूस धूळ धरत नाही. आई ताकभात तसाच ठेवून उठल्या.

२३ एप्रिल, शनिवार

सकाळी स्नानाहून आले तर फिल्टर माझ्या टेबलावर. केळीच्या पानावर. पिवळसर, ओला, तिळाच्या तेलाच्या वासाचा.

"रात्री भिजत घातली," आई म्हणाल्या. "वातीसारखी. मुरली आहे चांगली. शनिवारी तेल विकत आणू नये, म्हणून घरातलंच घातलं." मग हळूच म्हणाल्या, "माझ्यामुळे अडायला नको तुझं."

मी त्यांना नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "अगं, आज काय आहे?"

हे म्हणाले, "बकुळ, हे तेल चालायचं नाही. त्याचं वेगळं असतं. ते फिल्टरातच राहतं, हे वाहील."

"ते दिल्लीहून यायला आठ दिवस लागतील. तेल ते तेल. चिकटपणा आहे ना? धूळ धरेल."

"फिजिक्सवाल्या बाई, गाडीच्या पोटात..."

"चालक मी आहे, तुम्हीच म्हणालात."

मी फिल्टर कापडात गुंडाळून नदेसरला नेला. खरं सांगायचं तर तेलाचा विचार मी केलाच नव्हता. आईंनी रात्रभर मुरवलेली वस्तू मला टाकवेना.

२५ एप्रिल

तेल ते तेल नाही.

काल सराव करताना जास्वंदी आधी नेहमीसारखी धापत धावली, मग अडखळली, मग उचक्या द्यायला लागली. पुढच्या फळीवर पिवळा दिवा. विश्वेश्वरने बॉनेट उघडलं आणि नाक धरून म्हणाला, "भौजी, पूड़ी तल रही हैं क्या?" तेल हवेबरोबर आत ओढलं गेलं होतं. आत हवा मोजणारी केसासारखी एक तार असते, तिच्यावर साय धरावी तसं बसलं होतं. गाडीला कळेना हवा किती आली, म्हणून पेट्रोल किती द्यायचं तेही कळेना.

तिथेच रस्त्याकडेला बसून रडावंसं वाटलं. रडले नाही. गाडी ओढत गॅरेजला आणली. वासुदेवांना फोन करताना वाटलं, आता म्हणतील, सांगितलं होतं ना. नाही म्हणाले. रिक्षाने आले, स्टूल पुढे ओढलं, विश्वेश्वरकडून फवारा मागून घेतला आणि ती तार स्वतः साफ करायला बसले. डोकं खाली वाकवलं की यांना भोवळ येते. दोनदा थांबले, डोळे मिटून भिंतीला टेकले. मी म्हटलं, "मी करते." म्हणाले, "हा टॉर्च धर. हलवू नकोस." आम्ही दोघं एका वस्तूवर वाकून कधी बसलो होतो शेवटचे?

तार वाचली. परत येताना रिक्षात मी म्हटलं, "आईंना सांगू नका."

"काय सांगायचंय? फिल्टर बदलला, एवढंच."

२७ एप्रिल

आज निर्णय केला, आणि या वेळी नीट विचार करून केला.

चिरईपहाडच्या पायथ्याशी दगड फोडायची यंत्रं आहेत. त्यांची पीठासारखी धूळ तिथल्या सगळ्या रस्त्यावर असते. कोन ती गाळत नाही चांगली, शिवाय तापतो. कापसाचं तेल वेळेत येत नाही. उरला कागद. साधा, नवा, कंपनीचा.

विश्वेश्वर हात जोडून म्हणाला, "भौजी, रेस में कागज? लोग हँसेंगे."

"हँसने दीजिए."

नवा फिल्टर हातात घेऊन किती वेळ बघत राहिले. बारीक बारीक घड्या, एकीला एक लागून. नऊवारीच्या निऱ्याच त्या. एवढं मोठं लुगडं निऱ्यांमुळे बाईच्या कमरेशी मावतं, आणि निऱ्या असतात म्हणून तर पाय मोकळा पडतो. कागद घट्ट आहे असं मी समजत होते. उलगडला तर खोलीभर होईल तो. इतक्या कागदातून हवा सहज जायला हवी. मग जास्वंदीला धाप का लागते?

म्हणजे दोष कागदाचा नाही. हवा कागदापर्यंतच पोचत नाही.

मी विश्वेश्वरला म्हटलं, "ती नळी काढा. दिव्याच्या मागची."

"उसमें क्या होगा?"

"काढा तर."

काढली. तोंडाशी हात घातला आणि बोटांना काहीतरी कुरकुरीत लागलं. ओढलं. वाळलेला, तपकिरी, मुठीएवढा गोळा, मध्ये दोरा. मला आधी पाखराचं घरटं वाटलं. वास घेतला आणि कळलं. झेंडू. दसऱ्याचा हार!

हे स्टुलावरून उठून आले. हातात घेतला तो गोळा. "मीच बांधला होता. पूजेला. पुढच्या जाळीला." आजाराच्या आधीचा दसरा. त्यानंतर गाडी निघाली ती भोवळ येईपर्यंत थोडीच. हार जाळीतून आत ओढला गेला आणि घशात अडकला. आणि आम्ही तिघं तीन आठवडे फिल्टर बदलत बसलो.

विश्वेश्वर कान पकडून म्हणाला, "बाबा विश्वनाथ! गाड़ी का गला माला से घोंट दिया, भैयाजी!"

हे हसायला लागले. मीही. मग हे हसता हसता थांबले आणि तो गोळा रुमालात बांधून खिशात ठेवला. गंगेत सोडायचा म्हणाले. निर्माल्य आहे, कचऱ्यात टाकवत नाही. मी म्हटलं, "मी सोडते, तुम्हाला पायऱ्या..." म्हणाले, "बघू."

नळी धुतली, डबा पुसला, कागद बसवला, क्लिपा लावल्या. लहरताऱ्याच्या रस्त्यावर दाबली. धाप नाही. आवाजही नाही. फक्त रस्ता मागे जातो.

३० एप्रिल

उद्या. आईंनी ओटी भरली. कैरीची डाळ डब्यात दिली. म्हणाल्या, "गाडीला काही बांधू नकोस हो." म्हणजे यांनी सांगितलं.

भीती वाटते. हरले तर जास्वंदी जाईल, आणि हे खिडकीशी परत जातील. गाडीची भीती नाही मला. त्या खिडकीची आहे.

२ मे

काल लिहायला त्राण नव्हतं. आज सगळं लिहून ठेवते.

पायथ्याशी वीसेक गाड्या. रंगीत, चिकटपट्ट्या लावलेल्या, सगळ्यांना उघडे कोन. काय तो गोंगाट! तपासणीला एका मुलाने माझं बॉनेट उघडून मित्राला हाक मारली, "अबे, इधर आ, काग़ज़!" नोंदणी करणारे गृहस्थ माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारत होते, "सर नहीं आए? चलाएगा कौन?"

"मैं."

"अच्छा, अच्छा," म्हणाले आणि पेनाचं टोपण उघडायला त्यांना वेळ लागला.

वासुदेव म्हणाले, मी वर जाऊन थांबतो. वर जायचं म्हणजे क्लबच्या जीपमधून तीच सगळी वळणं. मी नको म्हटलं. ऐकलं नाही. जीपच्या मागच्या सीटवर डोळे मिटून आडवे झाले, कानांत त्यांचे ते फाये. जीप वळणाआड गेली आणि मला वाटलं, आपण या माणसाला कशाला आणलं इथे?

दोन फेऱ्या असतात, चांगली ती धरतात.

पहिली फेरी. झेंडा पडला, सुटले. पहिलं वळण डावीकडे, दुसरं उजवीकडे, रस्त्यावर पिठासारखी धूळ, मागचं चाक किंचित सरकतं आणि धरतं. जास्वंदी श्वास घेत होती. मला तो पावलात जाणवत होता. तिसरं वळण आंधळं. एका बाजूला खडक, दुसरीकडे नुसतं आभाळ. मग सरळ चढ, मग आणखी दोन वळणं आणि वर.

वासुदेव मैलाच्या दगडाला टेकून उभे होते. ओठ कोरडे, कपाळावर घाम. क्लबच्या माणसाने वेळ सांगितली. यांच्या वेळेपेक्षा जास्त. फार नाही, एका श्वासाएवढी. पण जास्त ती जास्त.

मी हेल्मेट काढलं.

हे म्हणाले, "तिसऱ्या वळणावर पाय उचललास."

"तुम्हाला इथून कसं दिसलं?"

"दिसलं नाही. ऐकू आलं. बाकीच्या येतात तेव्हा नुसता डोंगर फुटतो, काही कळत नाही. तुझी येताना इंजिन ऐकू येत होतं. पहिल्या वळणापासून. तिसऱ्याला एकदम गप्प झालं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथे पाय ठेव. वळण संपतं तिथेच चढ लागतो. चढच तिला आवरतो, तू आवरू नकोस. मीही पहिल्या वर्षी उचलला होता."

बाबा म्हणायचे, घाटात गाडी भीत नाही, पाय भितो.

दुसऱ्या फेरीला ऊन तापलं होतं. माझ्या आधीच्या दोन गाड्या खोकत, अडखळत वर गेल्या. मी सीटवर बसून नुसतं पायाकडे बघत होते. हा पाय पसरणीत शिकलेला आहे. वीस वर्षं तो पायऱ्या उतरला, आता चढू दे.

झेंडा. पहिलं. दुसरं. तिसरं वळण समोर आलं, खडक आला, आभाळ आलं. वर कुणीतरी कान देऊन उभं आहे, एवढंच डोक्यात होतं. पाय ठेवला. गाडी बाहेरच्या बाजूला गेली, गेली, आता जाते असं वाटलं, आणि खरंच चढ लागला आणि त्याने तिला हाताला धरून आत घेतलं. मग मला काही आठवत नाही. मी ओरडत होते बहुतेक.

वर थांबले. इंजिन बंद केलं. वासुदेव चालत आले, दगड सोडून, काही न धरता. खिडकीत वाकले. मी विचारलं, "किती?"

यांनी खिशातून स्वतःचा फोन काढून माझ्या हातात दिला.

"गर्द्यांना कळव. गाडी तुझी आहे, मी कसं सांगणार?"

४ मे

गर्दे जरा रागावले. मग म्हणाले, निदान तो कापसाचा फिल्टर तरी विका, ऐकलंय तुमच्याकडे आहे. आई शेजारीच होत्या. फोनकडे तोंड करून ठणकावून म्हणाल्या, "ती सोवळ्यातली आहे. मिळायची नाही." आता आई ती चाळणी रोज तुळशीपाशी ठेवतात. का, ते मी विचारत नाही.

शर्यतीच्या रात्री परत आलो तेव्हा आईंनी दारातच विचारलं होतं, "काय गं, घाटावरून आलीस?"

"हो आई. पण वरून."

त्यांना कळलं नाही. वासुदेवांना कळलं. काल सकाळी ते रुमालातला झेंडू घेऊन एकटेच पायऱ्या उतरले. भिंतीला धरून, हळूहळू. मी वरून बघत होते, हाक मारली नाही.

आज चौकातून येताना खसाच्या अत्तराची कुपी आणली. यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "तुमचं संपलं ना? शर्यतीपासून कानात फाया दिसत नाही."

हे कुपीकडे बघत राहिले, माझ्याकडे बघत राहिले आणि जे हसत सुटले की आई देवघरातून समईची वात हातात घेऊन बाहेर आल्या. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं यांच्या. मी म्हटलं, "झालं काय?"

म्हणाले, "पुढच्या वर्षी कोन लाव, म्हणजे कापूस पुन्हा दिसेल."

कोन मी लावणार नाही. पुढच्या वर्षीही कागदच.